उत्तर दिले, म्हणजे ऐकू आले?

आदरणीय अध्यक्षा विनताताई, व्यासपीठावरील मान्यवर, मंडळाचे सभासद आणि आजची सत्कारमूर्ती समिधा,

तत्त्वज्ञानात महाविद्यालयातून पहिल्या आलेल्या या मुलीविषयी बोलण्याचा मान मला दिलात, आभारी आहे. मात्र ज्याने छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, त्याने आधी स्वतःचा एक चुकीचा निष्कर्ष सांगणे उचित ठरेल.

पहिल्या वर्षी समिधा तोंडी परीक्षेत नापास झाली. तिने अर्ज केला: कमी ऐकू येते, प्रश्न लेखी मिळावेत. पुन्हा नापास झाली असती तर वर्ष गेले असते. अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या समितीचा प्रमुख मी. तिला समोर बसवून पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरे अचूक. मी शेरा लिहिला, ‘ऐकू येते, सबब नामंजूर.’ उत्तर दिले, म्हणजे ऐकू आले. यात दोष कोणाला दिसावा?

तिला दिसला. म्हणाली, “सर, आत्ता तुम्ही समोर बसून बोलून राहिले, मी ओठ पाहून राहिली. परीक्षेतले सर मान खाली घालून विचारत होते. अन् वर्गात तुम्ही फळ्याकडे तोंड करून सांगता, तेव्हा माझी वही कोरी राहते.”

मी तोंडासमोर फाइल धरून सहावा प्रश्न विचारला. ती फाइलकडे पाहत राहिली.

तरीही नियमाला कानांच्या तपासणीचा अहवाल हवा होता. तो तिच्या आईच्या, प्रमोदिनीबाईंच्या, कपाटात होता आणि त्या देईनात. मी रांझी या उपनगरात त्यांच्या क्वार्टरवर गेलो. चहा देऊन त्या म्हणाल्या, “हा कागद कॉलेजात गेला की साऱ्या समाजात जाईल जी. उद्या पोरीला स्थळ कोण आणील?”

समिधा म्हणाली, “स्थळ आलं की मीच सांगीन, आई. आधी मला पास तर होऊ दे.”

शेवटी आईने कपाटातून काढून दिलेला अहवाल तीन वर्षांपूर्वीचा निघाला, म्हणजे नियमाने निरुपयोगीच. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीबाई स्वतः मुलीला नव्या तपासणीला घेऊन गेल्या. अर्ज मंजूर झाला. माझा जुना शेरा मी खोडला नाही; खाली ‘परीक्षणाची पद्धत सदोष’ असे लिहून सही केली. इतक्या वर्षांत ज्या सह्या केल्या, त्यांत अभिमान वाटावा अशी ही एक.

या भाषणाची लेखी प्रत समिधाच्या हाती आहे आणि ती ओळींवरून बोट फिरवत माझ्यासोबत चालली आहे. आपण शांतपणे ऐकलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. कुठे प्रत सोडून बोललो असेन, तर तिने ते टिपलेच असेल. तिने आणि आपण सर्वांनी क्षमा करावी.