भाटव्याचा मिलिटरी एक्सल

आमच्याकडं जावयाले चुकला म्हणायची सोय नाही, हे पहिले ध्यानात घ्या. आमचा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, याच जोरावर हुशार झाला.

त्याच्या जीपचा मागचा एक्सल शेताच्या वाटेवर तुटला. तर यानं कामठीच्या लिलावातून मिलिटरी ट्रकचा एक्सल आणून जीपखाली बसवला. मी म्हटलं, "भाऊजी, एक्सल पैलवान आणला, पण इंजिनाकडून त्याले फिरवणारा शाफ्ट तोच जुना काडीपैलवान. तोही जाड पाहिजे न!"

"शाफ्ट नुसता फिरते गा! वजन कुठं उचलते तो?"

आमच्या बाबांनी लगेच मान डोलावली. जावई बोलले न!

मंग आम्ही मौद्याकडं निघालो. नाल्यात चाकं रुतली. भाटव्यानं सारा जोर लावला. चाकं जागची हलली नाही, पण शाफ्ट उसाच्या चिपाडासारखा पिळून तुटला. भाटवा खाली वाकला अन् खुशीत ओरडला, "पाह्य गा, एक्सलले ओरखडा नाही!"

तितक्यात एक कास्तकार बैलजोडी घेऊन आला. म्हणे, "काय तुटलं जी? ओढून देऊ का?"

भाटव्यानं छाती फुगवली. "काहीच नाही तुटलं. मिलिटरीचा एक्सल आहे!"

"मंग चालवत न्या जी," म्हणून तो बैल घेऊन चालला.

भाटवा माझ्याकडं पाहून राहिला, की आता हा धावत जाऊन त्याले थांबवीन. मी कायले धावतो? जावयाचं बोलणं खोटं कसं पाडू?