पुठ्ठ्याची पुस्तकं

माजं माहेर आपट्याचं, नदीच्या काठाचं, नि लग्न करून आली ती इथं, विचुंब्याच्या पलीकडं. तवा सगळी भातशेती होती आनि शाळा मंजे चार वर्ग. मी शाळेत बसलीच नाय, माहेरी भावंडं सांभाळली, इथं शेत. पन शाळेतल्या पोरांची खिचडी मीच शिजवते, किती वरसं झाली ते देवाला ठावं. लिवता ना? लिवा, कोनाला राग आला तरी लिवा.

काय सांगू तुमाला, आमच्या शेतावर बिल्डर आला तवा माजे मालक जित्ते होते. त्यानं रंगीत नकाशा पसरला, एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं नि बोलला, काका, ही शाळा, मोठी शाळा, तुमच्या नातवंडांसाठी. मालक बोलले, शाळा येते ना, मग घे जमीन. मालक गेले, टॉवर उभे रायले, लोकं रायला पन आली. पिवळ्या चौकोनावर शाळा काय आली नाय.

शाळाखात्याचे साहेब लोकं येतात, पोरांच्या आकड्याचा जुना कागद बगतात, बोलतात पोरं एवढी कशी वाढली? अरे मला विचारा ना, माजा खिचडीचा टोप सांगेल! आदी एका टोपात भागायचं, मग दोन लागले, आता तिसरा शेजारनीचा आनते. वॉचमनची पोरं, गवंड्यांची, टॉवरात भांडी घासतात त्या बायांची, सगळी याच चार वर्गांत, नि सकाळच्या शाळेची उठली की त्याच जागेवर दुपारच्या शाळेची बसनार. घरं बांदलीत तर घरात पोरं येनारच ना? एवढी अक्कल नाय?

यंदा माज्या नातीचा नंबर आला, चिमीचा. पयलीत घालाया नेली तर मोठ्या बाई रडकुंडीला येऊन बोलल्या, मावशी, नाव लिहिते, पन बसवू कुठं तेवढं सांगा. माजं डोकंच फिरलं. चिमीचा हात धरला नि तशीच गेली त्या पिवळ्या चौकोनावर.

तिथं काय, तर सॅम्पल फ्लॅट, गिऱ्हाइकाला दाखवाया सजवलेलं नकली घर! गार हवा, चकचकीत लादी. एक पोरगी आली, बोलली, या आजी, फ्लॅट बगायचा? बगायचा, बोलली मी. आत लहान पोरांची खोली, टेबल, खुर्ची, वर पुस्तकं लावलेली. चिमीनं दाराशी चपला काढल्या, शाळेत काढतात तशा, नि जाऊन खुर्चीत बसली. पुस्तक उघडाया गेली तर उघडेना. नुसता पुठ्ठा. आजी, यात काय नाय गं, बोलली. मला संताप पन आला नि रडू पन आलं.

ती पोरगी बोलली, उठवा तिला, कस्टमर येतात. मी बोलली, नाय उठनार, ती शाळेच्या जागेवर बसली हाय. मग मॅनेजर आला. मावशी, शाळा शेवटच्या फेजमदे हाय. मंजे कवा रे? सगळे फ्लॅट विकले की. मेल्या, तवर माजी चिमी लग्नाची होईल! तुजी पोरं बसतात ना वर्गात, का ती पन शेवटच्या फेजची? येताना ते पुस्तक मी पदराखाली घातलं. हो, चोरलं, लिवा.

आता खिचडीच्या खोलीत पयली भरते. मीच बाईंना बोलली, घ्या. मी बाहेर ताडपत्रीखाली शेगडी मांडते, पाऊस तिरका आला की टोपात पानी. चिमी धुरानं काळ्या झालेल्या भिंतीशी बसून मोठ्यानं वाचते नि मला बाहेर ऐकू येतं. शिकू दे बाय, सगळीच शिकू देत, टॉवरातली नि झोपडीतली.

पन ते पुस्तक मी ठेवलं हाय. परवा एक साहेब आला, बोलला, मावशी, नवी शाळा नक्की येनार. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं, बोलली, उघडा. बराच वेळ नखानं उकरत होता.