मस्तकीखालची पांढरी माती

खिओस बेटावरच्या बसथांब्यावर मार्केलाच्या मागे दोन म्हाताऱ्या जावा उभ्या होत्या. थोरली अर्गिरो, धाकटी कॅलिरोई. झाडांच्या वाटणीवरून अकरा वर्षं त्यांचा अबोला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. आज धाकटीच आधी बोलली, तशी मार्केला मान न वळवता ऐकत राहिली.

"जाऊबाई, मी इस्पितळात होते तेव्हा माझ्या मस्तकीच्या झाडांखाली कुणीतरी झाडून पांढरी माती पसरली."

"बरं झालं की. नाहीतर यंदाचा डिंक धुळीत पडला असता."

"चाळीसच्या चाळीस झाडांखाली."

"असेल कुणी देवमाणूस. मला काय विचारतेस?"

"मातीवर झाडूचे फराटे उलटे आहेत. डावऱ्या हाताचे."

"गावात डावरे काय कमी आहेत?"

"बायकांत एकच."

"हे बघ, उकिरडा झाला होता तिथे. माझ्या बांधावरून बघवत नव्हतं."

"गुडघे दुखले असतील."

"दुखले. अजून दुखतायत."

"बस आली. चढताना मला हात द्या. तो नको, डावा द्या."