पत्र्याची चकती

—नाही नाही, बसू द्या त्यांना. उठवू नका. तुम्ही इकडे या, या स्टुलावर बसा. कशाला हात लावत नाहीत त्या, नुसत्या बसतात. वरच राहतात, आमच्याकडे. दिवसभर इथे इतक्या गाड्या येतात, त्या खिडकीतून ढुंकून बघत नाहीत — आज तुमची गाडी दारात आली आणि जिना उतरून सरळ पुढच्या सीटवर. असो. काय सांगत होतात, पिकअप नाही? चढावर मागचे हॉर्न मारतात? मारणारच की हो. शिव्या देत नाहीत हेच नशीब समजा.

हे बघा — बॅटरीचा उजेड धरा जरा, इथे, हां. हा वर कार्बोरेटर, हे खाली इंजिन. इथून पेट्रोल आणि हवा आत जाते. आणि मधे काय बसवलंय? चकती! डब्याच्या झाकणाची, पत्र्याची, मधे बोराएवढं भोक. गळाच आवळलाय इंजिनाचा. लोक गाडी पळावी म्हणून नाही नाही ते उद्योग करतात, आणि हा गृहस्थ ती पळू नये म्हणून खपलाय! बरं, पॅकिंग कशाचं? शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ना, ती कॅनव्हास. वर कडेनं दुहेरी टीप! इंजिनात शिवणकाम — माझं उभं आयुष्य गेलं या धंद्यात, असला गाढवपणा पाहिला नाही. पेट्रोलनं भिजते, फुगते, कडेनं हवा ओढते. म्हणून ती शीळ. गाडी उभी असली की बारीक शीळ घालते म्हणालात ना, ती हीच. कापलीय मात्र काय सुरेख! कुठे कंगोरा नाही. खडूची रेघसुद्धा दिसतेय अजून. दादाचा हात म्हणजे काय विचारता —

दादा म्हणालो का मी? म्हणालो असेन. आता लपवून तरी काय करू. माझा थोरला भाऊ. चौकातलं शिंप्याचं दुकान त्याचंच. काचेवर माझ्या गॅरेजचा स्टिकर दिसला म्हणून आलात ना तुम्ही? मीच लावलाय तो, गाडी नवी होती तेव्हा. गेल्या वर्षी गेला दादा, झोपेतच. पुतण्या परदेशातून आला, दुकान आवरलं, मला म्हणाला, काका, ही गाडी तुम्ही ठेवता का — मी म्हटलं, नको रे बाबा, डोळ्यांसमोर नको. दिली त्यानं दलालाला. आणि त्या बसल्यात ना, त्या माझ्या वहिनी. त्यांना काही आठवत नाही आता. मलाही ओळखत नाहीत. पूर्वी भावोजी, भावोजी करून डोकं उठवायच्या माझं.

नाही, पाणी नको. पाना द्या तो. दादा असतानाच सुरू झालं होतं त्यांचं. संध्याकाळ झाली की घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या, मला घरी सोडा, मला घरी सोडा — स्वतःच्याच घरात बसून हो! मग दादा त्यांना गाडीत बसवायचा आणि तळ्याला चक्कर मारून आणायचा. गाडीत बसल्या की गप्प, शांत, लहान मुलासारख्या. रोज. याच रस्त्यानं. मला आत ऐकू यायची ती शीळ, मी ओरडायचो, दादा, गाडी टाक रे इथे, बघतो काय झालंय! तो खिडकीतून नुसता हात हलवायचा. चालतेय ना, म्हणायचा. शेवटीशेवटी गाडी आणायचाच बंद झाला माझ्याकडे. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, जाऊ दे, शिंप्याला इंजिनातलं कळायला लागलंय.

आणि आत्ता ही चकती हातात आल्यावर कळतंय बघा. साखर होती त्याला. पाय बधिर झाले होते. एकदा इथे आला तर एका पायात चप्पलच नाही, वाटेत कुठेतरी निसटलेली, आणि त्याला पत्ता नाही. मी खो खो हसलो, म्हटलं, दादा, एकच चप्पल कुणाला दान दिलीस? तोही हसला. माझ्याबरोबर हसला हो तो! जन्मभर मशीनच्या पायट्यावर पाय, दोरा तुटायच्या आधी ज्याच्या तळव्याला कळायचं, त्याला आपण ॲक्सिलरेटर किती दाबतोय ते कळत नव्हतं. आणि शेजारी वहिनी. त्यांना फिरवल्याशिवाय तर संध्याकाळ जात नाही. मग काय करणार? पाय ऐकत नाही, तर गाडीलाच बांधून टाकलं. मला का नाही सांगितलं? कसं सांगेल! मी पहिल्यांदा किल्ली काढून घेतली असती. ओळखून होता तो मला. एकटा बसून कापलं असेल हे, खडूनं आखून. फार वाईट वाटतं हो. फार वाईट वाटतं.

तसंच राहू दे म्हणता? वेडे आहात का, तुम्ही मुलाबाळांना घेऊन हायवेला जाणार, ट्रकच्या पुढे रांगणार का? शिवाय अशी हवा ओढत राहिली तर इंजिन जळेल. काढायचंच ते. मी एवढंच विचारणार होतो की काढायच्या आधी वहिनींना एक चक्कर मारून आणू का — मघापासून तेच विचारायचं होतं, म्हणून तर ही बडबड. आणि हे हात बघा! तोंड तिकडे चालू, हात इकडे चालू. सगळे नट काढून बसलो, चकती उचलली, आणि कॅनव्हास गेली फाटून. चिंध्या झाल्या. नाही, परत नाही बसत ती. अहो, तुम्ही कशाला सॉरी म्हणता, हात माझेच आहेत.

असू दे. नवं पॅकिंग बसलं. आवळलं. वहिनी, निघायचं ना तळ्याला? साहेब हो म्हणालेत. किल्ली द्या साहेब — हां. मारतो स्टार्टर. ऐका. ऐका कशी चाललीय! एकसारखी, गुळगुळीत. शीळ नाही, काही नाही.

काय झालं वहिनी? हीच की. दादाचीच गाडी आहे ही — अहो, दार कशाला उघडता? वहिनी, बसा ना. मी नेतो ना तुम्हाला. बसा हो.

ऐकलंत? म्हणतात, परक्याच्या गाडीत किती वेळ बसायचं. हे येतील आता, शीळ ऐकू आली की येईन खाली.

चढल्या वर.

घ्या किल्ली. पैशांचं नंतर बघू, आज नको. ती चकती इथेच राहू द्या, माझ्याकडे. निघा तुम्ही. निघा हो, मला पुढची कामं आहेत. आणि फाटकातून वळताना पाय हलका ठेवा, आता ती पळेल.