एकाच नावाची दोन कपाटं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे सर्वेसर्वा आदरणीय साहेब. ज्यांच्या शाळेच्या नव्या इमारतीचे नकाशे काढण्याची संधी आम्हाला मिळाली ते आजचे प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक सर. सत्कारमूर्ती, आम्हा सगळ्यांच्या तपासनीस बाई. पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान. आणि माझ्या सहकारी बंधूभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्द म्हणजे किती, ते आपण मघापासून अनुभवतोच आहोत. हिशेबनीस काकांचे दोन शब्द चालू होते तेव्हा त्या खिडकीतलं ऊन माझ्या पायांवर होतं. आता ते साहेबांच्या टेबलावर गेलंय. काका, रागावू नका, तुमच्यावर नाही बोलणार तर कुणावर?

मी भाषण लिहून आणलं होतं. त्यात बाईंची शिस्त आहे, वक्तशीरपणा आहे, 'कार्यालयाचा आधारस्तंभ' तर दोनदा आहे. ते मी वाचणार नाही. मघापासून माझी खुर्चीत चुळबुळ चालली होती. साहेबांनी ती पाहिली, डोळे मोठे करून दटावलंही. साहेब, खरं सांगते, मला बसवतच नव्हतं. मी कार्यालयातून धावत इथे पोचले तेव्हा बाई मंचावर जाऊन बसलेल्या. नाहीतर त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं असतं. मग इथे एकेक जण उठला आणि म्हणाला, 'बाईंनी आता डोळ्यांना विश्रांती द्यावी', 'वयोमानाप्रमाणे नजर थकायचीच'. सगळं मायेनेच म्हणाले. पण जे चारचौघांत बोललं गेलं त्याचं उत्तरही चारचौघांतच द्यायला हवं, नाही का?

बाईंची नजर थकलेली नाही. हे आधी सांगून टाकते. आता कसं ते ऐका.

पाहुण्यांसाठी थोडी माहिती. आमच्याकडचा कुठलाही नकाशा बाहेर जाण्याआधी त्याची छापील प्रत बाईंच्या टेबलावर जाते. बाई पट्टी लावतात, भिंग लावतात आणि शेरे लिहितात. 'या न्हाणीघराचं दार उघडलं की आतल्या माणसाने भिंतीत शिरायचं का?' हा शेरा मला आला होता, मी नवीन होते तेव्हा. घरी जाऊन रडले मी. दुसऱ्या दिवशी दार फिरवलं आणि तेव्हापासून आजपर्यंत न्हाणीघरात शिरले की आधी दार बघते.

हे शेरे बाई आमच्या 'कपाटात' टाकतात. कपाट म्हणजे सर्व्हर, सगळ्यांच्या फायली ठेवायचं यंत्र. आम्ही त्याचं नावच कपाट ठेवलंय. त्यात बाईंसाठी टपालपेटीसारखी एक पेटी आहे. शेरा पेटीत पडला की कपाट तो उचलतं, त्या त्या कामाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं, फोल्डर नसेल तर नवं करतं, आणि पेटी रिकामी करतं. कामाची फोल्डरं बाईंना उघडता येत नाहीत. तपासणाऱ्याने नकाशाला हात लावायचा नाही, हा साहेबांचा दंडक. तेव्हा बाईंच्या लेखी पेटी रिकामी म्हणजे शेरा पोचला. आणि आमच्या लेखी? ठरल्या मुदतीत शेरा आला नाही म्हणजे बाईंची हरकत नाही. नकाशा रवाना.

गेले काही महिने बाईंचे शेरे येईनासे झाले. आणि साइटवरून फोन यायला लागले. एका ठिकाणी खिडकी उघडली की पाइपावर आपटायची. एका ठिकाणी बेसिन बरोबर दाराच्या मागे, म्हणजे हात धुवायचे तर आधी स्वतःला कोंडून घ्यायचं. पूर्वी अशी गोष्ट बाईंच्या हातून सुटली असती? शक्य नाही! मग आम्ही काय केलं? बाईंना जाऊन विचारलं? छे! एवढ्या ज्येष्ठ बाईंना तोंडावर कसं विचारायचं? आम्ही फार सभ्य माणसं. आम्ही चहा पितापिता कुजबुजलो, 'चालायचंच', आणि बाई आत आल्या की गप्प झालो.

बाईंनी मात्र एकदा विचारलं. आमचे साइट इंजिनियर, ज्यांना सगळे साइटभाऊ म्हणतात, त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्या बेसिनचं मी लिहिलं होतं ना?"

साइटभाऊंनी आपल्या पडद्यावर फोल्डर उघडून दाखवलं. "नाही हो बाई. हे बघा, काहीच नाहीये."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. साइटभाऊ, मान वर करा. तुम्ही दाखवलंत ते खरंच होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाईंनी मुदतीआधी निवृत्त व्हायचं म्हटलं, साहेबांनी जड मनाने हो म्हटलं, आणि आपण हा हॉल घेतला.

आता आजची गोष्ट. कार्यालयाचं नेटवर्क माझ्याकडे आहे. मी आहे आरेखक, पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला आणि सगळ्यांनी ठरवलं की हिला यातलं कळतं. तेव्हापासून ते झेंगट माझ्या गळ्यात. बाईंचं मशीन पुसून नव्या माणसासाठी तयार ठेवायचं, हे काम त्यामुळे माझंच. दुपारी मी त्या मशीनपुढे बसले, तेवढ्यात बाईंचं सामान न्यायला त्यांचे यजमान आले. एक उशी, एक कुंडी, पाण्याची बाटली.

काका, बोलू ना पुढे? तुम्ही हो म्हणालात तरच. ...बरं.

काका मला म्हणाले, "तिला सांभाळून घेतलंत तुम्ही लोकांनी, फार उपकार झाले." मी म्हटलं, "सांभाळून? काय सांभाळून?" तेव्हा म्हणाले, "अगं, तिला आठवतं की मी अमुक लिहिलं, आणि इथे बघितलं तर लिहिलेलंच नसतं. घाबरलीय ती. गॅस बंद केलाय का ते हल्ली तीन-तीनदा बघते. मला विचारते, तुमचं नाव तरी बरोबर घेते ना हो मी? उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तू कुणाला बोलू नकोस." असं म्हणून ते कुंडी घेऊन निघून गेले.

सांगा, माझा हात मशीन पुसायला पुढे होईल का? चष्म्याचा नंबर वाढतो, पाय दुखतात, ते आपण समजू शकतो. पण आपण केलेलं काम आपण केलंच नव्हतं असं ज्या माणसाला वाटायला लागतं, त्याने दुसऱ्या दिवशी कामावर यायचं तरी कसं! आणि हे घेऊन बाई रोज येत होत्या, आमच्या नकाशांवर पट्टी ठेवत होत्या, आम्हाला 'कसं काय' विचारत होत्या.

मी माझ्या नावाने त्या मशीनवरून कपाट उघडलं. म्हटलं, पुसण्याआधी बघू तरी. उघडलं, आणि आत सगळं भलतंच! आपल्या पिकनिकचे फोटो नाहीत. नव्या कामांची फोल्डरं आहेत, पण त्यांत नकाशे नाहीत. प्रत्येक फोल्डरमध्ये फक्त शेरे. बाईंचे शेरे. पाइपाचा आहे, बेसिनचा आहे, 'हात धुवायला माणसाने कोंडून घ्यायचं का?' अशा शब्दांत आहे. मी उठून माझ्या टेबलाकडे पळाले. तिथे तेच कपाट उघडलं. नकाशे आहेत, फोटो आहेत, शेरा एकही नाही. परत बाईंच्या टेबलाकडे. नाव एकच, कपाटं दोन! शिपाईकाका म्हणाले, "अहो, काय हरवलंय?" त्यांना काय सांगू?

आता थोडं तांत्रिक बोलते, जांभया आल्या तरी चालतील. यंत्रांना नावं कळत नाहीत, त्यांना आकड्यांचा पत्ता लागतो. आपण 'कपाट' म्हटलं की मशीन एका पत्ते सांगणाऱ्याला विचारतं, बाबा रे, कपाट राहतं कुठे? त्याला डीएनएस म्हणतात. आमचा डीएनएस म्हणजे चहाच्या खोलीतल्या फळीवरचा तो काळा डबा. अधूनमधून तो रुसतो, मग सगळीकडून आरडाओरडा होतो, 'कपाट सापडत नाही!', आणि मी साखरेचा डबा बाजूला करून त्याला बंद-चालू करते.

मी दोन्ही मशीनना विचारलं, कपाटाचा पत्ता काय? दोघांनी वेगवेगळे आकडे सांगितले. म्हटलं, डबाच खोटं बोलतोय. डब्याला थेट विचारलं, तर त्याने मध्यंतरी बसवलेल्या नव्या सर्व्हरचा पत्ता अगदी बरोबर सांगितला. मग वाटलं, बाईंच्या मशीनला जुनं उत्तर आठवत असेल. त्याची ती आठवण पुसली. पुन्हा विचारलं, पुन्हा जुनाच पत्ता. मी तिथे मशीनशी मोठ्याने भांडत होते, विचारा शिपाईकाकांना. आणि मग डोक्यात आलं, हे मशीन डब्याला विचारतच नाहीये! प्रत्येक मशीनच्या पोटात एक छोटी फाइल असते. तीत नाव आणि पत्ता लिहून ठेवला, की मशीन आधी तिथे बघतं आणि बाहेर कुणाला विचारायला जात नाही. ती फाइल उघडली. एकच ओळ होती. कपाट, आणि पुढे जुन्या सर्व्हरचा पत्ता.

ही ओळ कुणी लिहिली? साहेब, इकडे तिकडे बघू नका. बाई किती कौतुकाने सांगतात तो किस्सा, की एकदा डबा बंद पडला, नकाशे पाठवायची घाई, मी रजेवर, आणि साहेब स्वतः बाईंच्या खुर्चीत बसले आणि चुटकीसरशी मशीन चालू करून दिलं. ते हेच. त्या दिवशी तुम्ही बाईंची लाज राखलीत साहेब, मनापासून सांगते. पुढे बाहेरच्या माणसांनी येऊन नवा सर्व्हर बसवला, त्याला तेच नाव दिलं, डब्याला नवा पत्ता सांगितला. जुना सर्व्हर सामानाच्या खोलीत चालूच राहिला, कारण हजेरीचं यंत्र त्याच्यावर आहे. आम्ही सगळे नव्या कपाटाकडे गेलो. बाई एकट्या जुन्या कपाटात शेरे टाकत राहिल्या, आणि ते इमानदारीत उचलून पेटी रिकामी करत राहिलं.

डबा रुसला तरी बाईंचं मशीन कधी अडायचं नाही. आम्ही चेष्टेने म्हणायचो, मशीनसुद्धा बाईंना टरकून असतं. ज्याची तक्रार नाही त्याच्याकडे कोण बघतो? मीही बघितलं नाही.

तर बाई, आता तुमच्याशी बोलते. तुम्ही लिहिलं होतं. बेसिनचं लिहिलं होतं, पाइपाचं लिहिलं होतं, मी काढलेल्या गच्चीच्या नकाशावर तर तुम्ही मला चांगलं फैलावर घेतलंय. मी ते आज उभ्याउभ्या वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! उद्या डॉक्टरांकडे जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी डॉक्टर नाही. पण ज्यावरून तुम्ही घाबरलात ते घडलंच नव्हतं. तुमचं डोकं ठिकाणावर आहे. आमचं नव्हतं. निवृत्त व्हायचं असेल तर खुशाल व्हा, आराम करा, यजमानांबरोबर फिरा; पण या कारणासाठी होऊ नका, मला ते सहन होणार नाही.

बाई, काय? माइकवर बोलता का? ...नको? बरं, मी सांगते सगळ्यांना.

बाई विचारताहेत, "सरांच्या शाळेच्या नकाशात जिन्याच्या मधल्या टप्प्यावर सामानाच्या खोलीचं दार होतं. ते जिन्यावर उघडत होतं. आत उघडणारं करा म्हणून मी लिहिलं होतं. ते केलं का?"

साइटभाऊ?

ते नाही म्हणताहेत, बाई. शेरा मिळाला नाही म्हणून तसंच बसवलंय. सर, वर्ग कधी भरणार आहेत तिथे? सोमवारी? ...बाई म्हणताहेत, "सोमवारी मधली सुट्टी झाली की मुलं धडधडत खाली येणार, आणि आतून कुणी दार ढकललं तर? मग इथे काय करताय सगळे?"

अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलंत, मधेच माइक काढून घेतला नाहीत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. मुख्याध्यापक सर, आपण आलात, आभार. इमारतीची किल्ली आपल्याजवळ आहे ना? काका, आपण बोलायची परवानगी दिलीत, आपलेही आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाच्या मानपानाला धक्का लागला असेल, तर ते आपण पोटात घालावं, पण शाळेकडे जाताजाता, गाडीत बसून घालावं. साहेब, तुमचं अध्यक्षीय भाषण आम्ही उद्या ऐकू. बाई पुष्पगुच्छ खुर्चीत ठेवून खाली उतरल्या आहेत, दाराशी पोचल्यासुद्धा, आणि मोजायची टेप कुणाकडे आहे म्हणून विचारताहेत.