चार हजार अंगठे

न्हाई म्हटलं न्हवं एकदा? माझा कोन लागत न्हाई त्यो कामिल. हात वर कर. आडनाव एक आसलं म्हनून काय झालं — आमच्या आडनावाची ढीगभर घरं हायती ह्या कोल्हापुरात. आन ते कानातलं काढ बघू, वायर फितीत गुततीया. लगीन म्हैन्यावर आलंय तुझं आदिती, आन ब्लाऊजचं माप देताना असली रडकी गानी ऐकतीस व्हय? आवडत्यात? नऊच्या नऊ? — श्वास सोड, पोट आत घिऊ नगं, लग्नात जेवायचं हाय तुला. काय? नऊच हायती हे मला कसं ठावं? … बरं. हाय. माझाच हाय, पोटचा हाय, आई हाय मी त्याची. झालं समाधान?

चौघांचा बँड हुता त्यांचा पुन्यात. तवा बरं चालत हुतं — ढोल बडवनारा बडवायचा, ह्याचा आवाज त्यात झाकून जायचा. मग चौघं फुटली आन ह्यानं एकट्यानं अल्बम काढला. शबनूरनं, माझ्या भाचीनं, फोनवर लावून दिला, लोकांनी काय काय लिवलं ते बी वाचून दाखवलं. मुंबईचा कोन मासिकवाला म्हनतोय, गिटार झ्याक, पर गळा कच्चा. दुसरा म्हनतोय, एवढं खरं कुनी गात न्हाई. पोरं म्हनत्यात जुना बँडच बरा हुता. म्हनंनात, त्यांचं काय जातंय? मला राग आला त्यो सातव्या गान्याचा. ऐकलंयस न्हवं? बापाचा खोकला — आन खोकला वाढला की पलीकडच्या खोलीत मशीन जोरात. मासिकवाल्यानं लिवलंय, ह्यो यंत्रयुगाचा आवाज हाय म्हनं! कसलं यंत्रयुग? हे मशीन. हेच, माझ्या पायाखालचं. कामं लई पडली हुती गं, सीझन हुता — न्हाई, खोटं कशाला बोलू? काम न्हवतं. रिकाम्या चिंधीवर मशीन मारत बसायचो मी. माझ्या मालकांचा, चमनमियांचा खोकला मला ऐकवत न्हवता. पोरगं भिताडाआड झोपलंय असं वाटायचं. झोपलं न्हवतं.

ते गानं ऐकलं आन अंगावरचं कापड वडल्यागत झालं मला. गान्याखाली चौकोन आसतोय न्हवं, लिवा म्हनतोय त्यो? मला वाटलं, त्यात बोललं की गानाऱ्यालाच जातंय, चिठ्ठीगत. शाळा चौथीपतूर, लिवायला येळ लागतोय, म्हनून माईक दाबून बोललो — चौघात हुतास तवर झाकला हुतास, आता उघडा पडलास. रडायचं आसंल तर घरी येऊन रड, जगाला काय ऐकवतोस? दुसऱ्या दिवशी बघतो तर हजार अंगठे! आठवड्यात चार हजार. तू वाचलंयस? अंगठा बी दिलास? … दिलास की, तोंड सांगतंय. मान खाली घालू नगं, गळ्याचं माप चुकंल. मासिकवाल्यानं तर लेखाचा शेवटच त्यानं केला — कोल्हापूरच्या कुना श्रोत्यानं नेमकं बोट ठिवलं म्हनून. श्रोता! आन आता सांगतो ते कुठं बोलू नगंस. मला बरं वाटलं. आठ दिस रोज सकाळी चहाच्या आधी अंगठे बघायचो. उभ्या जन्मात माझ्या बोलन्यावर कुनी मान डोलावली न्हवती — आन डोलावली ती पोटच्या पोराला लाथ घातल्यावर.

मग त्याचा फोन आला. अम्मी, म्हनला, आपल्याच गावचं कुनीतरी लई वंगाळ लिवलंय. मी काय म्हटलं आसंल? मी म्हटलं, मुडदा बशिवला त्याचा, जीभ झडूदे! माझी मलाच शिवी, आन ती बी आईच्या मायेनं, तोंड भरून. त्यो मग म्हनला, बरं. आन ठिवला. हितं कोल्हापुरात गानार हुता त्यो कार्यक्रम मोडला त्यानं. तवापासनं फोन न्हाई, आन गिटार पेटीत घातलंय म्हनं, शबनूर सांगत हुती.

तुला येतंय न्हवं पुसायला? हे घे, पूस ते माझं बोलनं. … काय? खाली उत्तरं हायती? मला तर नुसतं अंगठेच दिसत्यात की. कुठं दाबायचं? लोकांचं नगं वाचू, लोक काय … कुनाचं? कामिलचं? वाच. मोठ्यानं वाच.

"व्हय अम्मी."

एवढंच? फुडं काय न्हाई? तारीख बघ. न्हाई, नीट बघ की गं — ज्या दिवशी मी बोललो त्याच दिवशीचं? म्हंजी फोन केला तवा त्याला ठावं हुतं … आठ दिस आधीपासनं … आन मी त्याच्या म्होरं माझ्या मलाच शिव्या …

न्हाई, पुसू नगं. आन हिकडं फोन. मंगळवारी ये. बाहीचं माप ऱ्हायलंय? ऱ्हाऊ दे. जा म्हटलं न्हवं तुला!