लाल दिवा आणि रबरी स्लीपर

तुम्ही सगळे मला भित्री म्हणता, म्हणून हे सांगते. आमची इलेक्ट्रिक कार आठ महिने गॅरेजातल्या साध्या सॉकेटवर चार्ज व्हायची. रबरी स्लीपर घातल्याशिवाय मी प्लगला हात लावायची नाही. बाबा अनवाणीच जाऊन प्लग काढायचे आणि म्हणायचे, "काहून एवढं भ्यायचं? साप हाय का तो?"

या उन्हाळ्यात वसमतच्या सलीमचाचा वायरमननी भिंतीवर चार्जर बसवला. गाडी जोडली, तर लाल दिवा.

"मशीन ठीक हाय," चाचा म्हणाले. "अर्थिंग भेटून न्हाई राहिली. खड्डा वाळला असंल. दोन बादल्या पाणी आणा."

अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं आणि थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला. भिंतीवरच्या त्या डब्याला जमिनीखालची माती कोरडी असल्याचं कळलं होतं.

बाबांनी विचारलं, "मग सॉकेटनं इतके दिवस काहून सांगितलं न्हाई?"

"त्याला काय कळतंय? ते मुकाट करंट देतं. अर्थिंगबिगर गाडीच्या पत्र्यात करंट उतरला असता, तर..." चाचांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "घरात एकटी पोरगीच बराबर होती."

बाबा आत गेले आणि आईची स्लीपर घालून आले.